छापलेले ते सारेच खरे काय?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, परंडा येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे माझीच एक चूक सांगण्यासाठी उभा आहे. विद्यार्थ्यांच्या चुका आम्ही रोज लाल शाईने दाखवतो; एखादे दिवशी ती शाई आपल्यावरही पडावी, हे न्यायाचेच आहे.

गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गाने खेळांवर भित्तिपत्रक काढले. एका विद्यार्थ्याने क्रीडापत्रकार व समालोचक ए. एफ. एस. तल्यारखान यांचे चरित्र मोबाइलवरून उतरवून आणले. मजकूर असा होता : मुस्लिम समाजाचे थोर सुपुत्र तल्यारखान यांनी 1934 साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरून ऑल इंडिया रेडिओसाठी क्रिकेटचे समालोचन केले. अक्षर सुंदर होते, मजकूर अभिमान वाटावा असा होता. मी खाली 'शाब्बास' लिहिले आणि कागद भिंतीवर लावला.

चार दिवसांनी सातवीतील एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, शेजारच्या कागदावर ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 साली सुरू झाले असे लिहिले आहे. मग 1934 साली तिथे सामना कसा झाला?"

मित्रहो, दोन्ही कागद मीच तपासले होते, मीच शेजारी शेजारी लावले होते. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाला जे दिसले नाही, ते त्या मुलीला दिसले.

मग मी पुस्तके काढून बसलो. ब्रेबॉर्न स्टेडियमची कोनशिला बसली 1936 साली आणि उद्घाटन झाले डिसेंबर 1937 मध्ये. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नावही जून 1936 मधले. त्यापूर्वी ती संस्था 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' म्हणून ओळखली जाई. तल्यारखान यांनी 1934 साली समालोचन केले ते एस्प्लनेड मैदानावरील चौरंगी स्पर्धेचे. सामना होता पारशी विरुद्ध मुस्लिम. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ त्या स्पर्धेत खेळत. मुस्लिम संघ 1912 साली आला, 1937 साली पाचवा संघ आला आणि 1946 नंतर ही स्पर्धाच इतिहासजमा झाली. म्हणजे साल बरोबर, माणूस बरोबर. पण मैदान आणि रेडिओचे नाव कुणीतरी नंतरच्या माहितीवरून मागे नेऊन चिकटवले होते.

सर्वांत मोठी चूक मात्र पहिल्याच ओळीत होती. तल्यारखान हे पारशी होते! आडनावाच्या शेवटी 'खान' दिसले आणि लिहिणाऱ्याने त्यांना आपले करून टाकले. वाचणाऱ्यानेही, म्हणजे मीही, आनंदाने मान डोलावली. तो मजकूर कुणा दुसऱ्याचे कौतुक करणारा किंवा आपल्याला न आवडणारा असता, तर मी प्रत्येक शब्द पारखून घेतला असता. जे आपल्याला सुखावते ते आपण तपासत नाही, हीच खरी गोम आहे.

अभिमानच हवा असेल तर खऱ्या गोष्टींची वाण आहे काय? 1936 साली मँचेस्टरच्या मैदानावर सय्यद मुश्ताक अली यांनी 112 धावा केल्या. परदेशी भूमीवर भारतीयाने कसोटीत काढलेले ते पहिले शतक. त्याची साक्ष धावफलक देतो. त्यासाठी दुसऱ्या समाजाचा माणूस उसना आणावा लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, कोणतेही चरित्र वाचताना तीन प्रश्न विचारा. पहिला, हे सांगणाऱ्याला कसे कळले? हदीस जमा करणाऱ्या आलिमांनी कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी तपासल्याशिवाय शब्द स्वीकारला नाही. दुसरा प्रश्न, त्या साली ती वस्तू, ते नाव होते काय? 1940 साली कुणाचा जन्म 'महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात' झाला असे वाचले, तर थांबा. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, आणि महाराष्ट्र राज्य तर 1960 साली जन्मले. तिसरा प्रश्न, दुसरीकडे तीच माहिती स्वतंत्रपणे मिळते काय? दहा जणांनी एकमेकांचे पाहून उतरवले असेल तर ते दहा साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, आणि तोही कदाचित चुकलेला.

पालकहो, ही गोष्ट केवळ क्रिकेटची नाही. माझ्या अब्बांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. दादी मात्र सांगत, "तुझा बाप जन्मला तेव्हा रानात ज्वारीची काढणी चालू होती." ज्वारीची काढणी काय जूनमध्ये होते? शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, आणि जन्मभर तीच खरी ठरली. आपल्यापैकी किती घरांत असे 1 जून आहेत, ते आपणच मोजा. आज मुलाच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे असले, तर शिष्यवृत्ती अडते. वयोगटाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाची तारीख जुळली नाही, तर तो मैदानाबाहेर बसतो. आज घरी गेल्यावर हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि त्या मुलीने पाहिले तसे पाहा. फरक दिसला तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेत या.

तो भिंतीवरचा कागद मी फाडला नाही. 'शाब्बास' खोडले, चुका दुरुस्त केल्या आणि खाली त्या मुलीचे नाव लिहिले. ज्या विद्यार्थ्याने चरित्र आणले होते त्यानेच नवा कागद लिहिला, या वेळी पुस्तक समोर ठेवून.

गुरुजींना प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे, एवढे आमच्या मुलांना कळले तरी या संस्थेचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.