काळी पडणारी बाटली



आज मी बोलणार थोडे आणि दाखवणार जास्त. या दोन बाटल्या पाहा. काल संध्याकाळी आमच्याच घरी भरल्या. एकीत नळाचे पाणी आहे, दुसरीत स्वयंपाकघरातल्या माठाचे. नळाची अजून पिवळसर आहे. माठाची मात्र शाईसारखी काळी झाली आहे. मागे बसलेल्यांनाही दिसत असेल. गेल्या आठवड्यात माझी नात जुलाबाने आजारी पडली, तेव्हा आम्ही घरचे सगळे नळाला शिव्या देत होतो!

ही बाटली परदेशातून आलेली नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी ही पद्धत १९८२ साली प्रसिद्ध केली. आत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलिलिटर पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबदार जागी ठेवायचे. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारे काही जंतू त्या औषधातील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याला वास येतो, तोच हा वायू. त्याचा औषधातील लोहाशी संयोग झाला की पाणी काळे पडते. पाण्यात विष्ठा मिसळली असेल तर बहुधा १२ ते १८ तासांत कळते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या तपासणीला दोन ते चार दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात घरातले लेकरू ते पाणी पीतच असते.

आता तिच्या मर्यादा. जंतू कॉलऱ्याचा की विषमज्वराचा, हे ती सांगत नाही. बाटली पिवळी राहिली तरी काविळीचे विषाणू पाण्यात असू शकतात. उलट एखाद्या बोअरच्या पाण्यात मुळातच गंधक असले, तर ते निर्दोष असूनही काळे पडते.

पाणी नितळ दिसले म्हणजे चांगले, ही समजूत तेवढी सोडा. पावसाळ्यात दारणा गढूळ झाली की आपण सावध होतो. माठातले नितळ पाणी मात्र डोळे झाकून पितो.

‘शुद्ध’ या शब्दाशी आपला जुना हिशेब आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून तळे ‘शुद्ध’ केले. तसले पाणी या बाटलीत भरले असते, तर सकाळी तिचा रंग काय झाला असता ते तुम्हीच सांगा.

आमच्या माठात दोष कुठला? नातवंडे पेला बुडवतात, बोटांसकट. आता आम्ही तोटीचा माठ आणला आहे आणि पाणी खळखळून उकळून भरतो. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणीतपासणी शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या भगिनींनाही ते सहज जमेल.

टेबलावर दहा बाटल्या ठेवल्या आहेत. एका गल्लीला एक न्या. आतल्या कागदाला बोट लावू नका. काळी पडलेली बाटली गटारात ओतू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. आत ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा, मग फेका. आणि पाणी नळाचे की माठाचे, ते चिठ्ठीवर लिहायला विसरू नका.

जयभीम.