पाया बदलताना

(वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणक विभागाच्या वतीने केलेले भाषण)



केसपेपरपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत आपल्या ठाकूरद्वारच्या रुग्णालयातील प्रत्येक नोंद ज्या मुख्य संगणकावर राहते, त्याचा पाया अनेक वर्षे 'सेंटओएस' ही मुक्त प्रणाली होती. २००४ साली स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या या प्रणालीस परवानाशुल्क नव्हते. छत्तीसगडमधील गनियारीच्या 'जन स्वास्थ्य सहयोग' रुग्णालयात प्रथम वापरात आलेली 'बाह्मनी' ही रुग्णनोंदींची प्रणालीही याच पायावर बसवली जात असे.

डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली. २०२९ पर्यंत सांभाळली जाणारी आठवी आवृत्ती २०२१ अखेरीस थांबवण्यात आली. आपल्याकडील सातव्या आवृत्तीची मुदत होती ३० जून २०२४. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तो चालूच राहतो. फक्त नवे भगदाड सापडले तर ते बुजवणारे कोणी उरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, त्याची कारणे काहीही असोत. तिथे कित्येक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या. एखाद्या रुग्णाला पेनिसिलिन चालत नाही ही नोंद ऐन वेळी दिसली नाही, तर काय ओढवेल हे येथील डॉक्टरांना सांगायला नको.

आम्ही 'अल्मालिनक्स' निवडली. ती ना-नफा संस्था सांभाळते आणि तिच्या नवव्या आवृत्तीची मुदत २०३२ पर्यंत आहे. चाळीचा पुनर्विकास गिरगावकरांना ठाऊक आहे. बिऱ्हाड हलवल्याशिवाय भिंत पाडत नाहीत. त्याच न्यायाने जुना संगणक तसाच ठेवून शेजारी नवा उभारला आणि जुन्याची प्रत त्यावर उतरवून रंगीत तालीम घेतली. पहिल्या तालमीत रुग्णांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. दुसऱ्या तालमीत नावे आली, तर प्रयोगशाळेच्या नमुन्यांवरील चिठ्ठ्या छापल्या जाईनात. तिसरी तालीम निर्दोष झाली, तेव्हाच दिवस ठरवला.

मे महिना मुद्दाम निवडला. पुष्कळ कुटुंबे कोकणात गेलेली असतात, बाह्यरुग्ण विभागात गर्दी कमी असते आणि पावसाळा सुरू झालेला नसतो. शनिवारी रात्री दाखल रुग्णांच्या औषधांच्या याद्या कागदावर छापून प्रत्येक कक्षातील परिचारिकांच्या हाती दिल्या, मगच काम सुरू केले. सोमवारी सकाळी खिडकीवरच्या रांगेला काही बदलल्याचे कळलेही नाही. जुना संगणक पुढे महिनाभर, जाळ्यापासून तोडून, हाताशी ठेवला होता.

प्रणाली विनाशुल्क होती. श्रम, नवे यंत्र आणि रात्रपाळ्या विनाशुल्क नव्हत्या. एक्स-रे यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, या कामावर ती कुठे लावावी हे मलाही सुचलेले नाही. म्हणून यंदाच्या अंदाजपत्रकात 'संगणक प्रणालीची निगा' हे स्वतंत्र शीर्षक सुचवले आहे. २०३२ ची तयारी त्यातून दरवर्षी थोडी थोडी करता येईल. सभेने त्यास मंजुरी द्यावी, ही विनंती.