संगणकावरून उठण्याआधी

(दिल्लीत शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या संगणक वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सर्वांना जय भीम.

आजचा विषय छोटा आहे, ब्राउझरमधली कुकी. ती म्हणजे काय, ती कशासाठी असते आणि ती पुसायची कशी, एवढंच बोलायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइल भरपूर वापरलाय, पण संगणकावर हात आता बसतोय. बहुतेकांकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. कॉलेजची लॅब, अभ्यासिकेतलं मशीन, सायबर कॅफे, झेरॉक्सच्या दुकानातला संगणक, यांवर आपलं काम चालतं. कुकीचे धडे बहुतेक वेळा घरी स्वतःचा संगणक असलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले असतात. आपला संगणक दहा जणांचा असतो, म्हणून आपल्याला हा विषय वेगळ्या बाजूने समजून घ्यावा लागतो.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. संध्याकाळी लॅब बंद करताना प्रत्येक मशीन बघते. रोज कुठे ना कुठे कोणाचा तरी ईमेल उघडा असतो, नाहीतर व्हॉट्सॲप वेब चालू असतं, नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट भरलेला असतो. ही मुलं निष्काळजी नसतात. त्यांनी खिडकी बंद केलेली असते. खिडकी बंद केली म्हणजे आपण बाहेर पडलो, असं त्यांना वाटतं, कारण कोणी वेगळं सांगितलेलंच नसतं.

आता कुकी म्हणजे काय ते बघू. ग्रंथालयाच्या दारात आपण बॅग ठेवतो आणि तिथला माणूस आपल्याला नंबरचा बिल्ला देतो. तो आपलं नाव विचारत नाही, चेहराही लक्षात ठेवत नाही. परत येताना बिल्ला दाखवला की बॅग मिळते. कुकी म्हणजे असाच बिल्ला. तुम्ही एखाद्या साइटवर युजरनेम, पासवर्ड, ओटीपी देऊन आत गेलात की ती साइट तुमच्या ब्राउझरला एक छोटा मजकूर देते. बहुतेक वेळा तो अक्षरं आणि आकड्यांचा लांबलचक नंबर असतो. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो नंबर साइटला दाखवतो आणि साइट ओळखते की हा मघाचाच माणूस.

याची गरज का पडली? वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते पाठवतो आणि विसरून जातो. दुसरं पान मागितलं की त्याच्या दृष्टीने तुम्ही नवे. अशाने तीन पानांचा अर्जसुद्धा भरता आला नसता, प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड द्यावा लागला असता. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरने यावर कुकीचा उपाय काढला. तेव्हा कुकी हा शत्रू नाही. तो व्हायरसही नाही. तो जास्तीत जास्त चार किलोबाइटच्या आसपासचा मजकूर असतो, आपणहून काही करू शकत नाही. ज्या मशीनवर तुम्ही बसलात त्या मशीनवर तो राहतो, एवढं मात्र लक्षात ठेवा. कारण बिल्ल्याचा नियम असा आहे की ज्याच्या हातात बिल्ला त्याला बॅग.

काही कुकींना मुदत नसते, ब्राउझर पूर्ण बंद झाला की त्या जातात. काहींना मुदत असते. ती आठवड्याची असेल, महिन्याची असेल. क्रोममध्ये जास्तीत जास्त 400 दिवसांची. लॉगइन करताना 'रिमेंबर मी' किंवा 'कीप मी साइन्ड इन' समोर टिक केली, तर मुदतीचा बिल्ला मिळतो. शिवाय एक टॅब बंद करणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे. कॅफेतला ब्राउझर तर दिवसभर कोणी बंदच करत नाही, आणि बंद करून उघडला तरी आधीची पानं परत आणण्याची सोय त्यात चालू असू शकते. तुमच्यानंतर बसणाऱ्याने तीच साइट उघडली की तो थेट तुमच्या नावाने आत. पासवर्ड नको, ओटीपी नको.

हे इतकं मनावर का घ्यायचं, ते आता सांगते. मला माहीत असलेली एक मुलगी, नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिने बाहेरच्या एका दुकानात बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, प्रिंट घेतली आणि निघाली. तिच्यानंतर तिच्याच हॉस्टेलमधली दुसरी मुलगी त्या मशीनवर बसली. अर्ज उघडाच होता. त्यात जातीचं प्रमाणपत्र, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचा खाते नंबर. पैसे काही गेले नाहीत. पण रात्रीपर्यंत हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांना तिची जात आणि वडिलांचं उत्पन्न माहीत झालं. ताटं घेऊन बसण्याच्या जागा कशा बदलल्या, ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

इथे दिल्लीत मराठी आडनावावरून पटकन कोणाला काही कळत नाही. म्हणून लोक फिरवून फिरवून विचारतात, पूर्ण नाव काय, गाव कुठलं, परीक्षेत रँक किती. आपली जात सांगण्यात लाज नाही, मी तर आल्या आल्या जय भीम म्हणाले. पण कधी सांगायचं, कोणाला सांगायचं, हे माझं मी ठरवीन. दुकानातल्या उघड्या राहिलेल्या ब्राउझरने ते ठरवायचं नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क आपल्यालाही आहे, पण सामायिक मशीनवर तो राखायचा तर थोडं तंत्र हाताशी हवं.

तर आता हाताने करायच्या गोष्टी. लॅबमधल्या स्क्रीन इंग्रजीत असतात म्हणून बटणांची नावं तशीच सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, आधी लॉगआउट. प्रत्येक साइटवर, प्रत्येक वेळी. लॉगआउट केलं की साइट आपल्याकडच्या नोंदीतून तो बिल्ला रद्द करते. कुकी पुसली की आपल्या बाजूचा बिल्ला फेकला जातो. दोन्ही करायचं, आणि याच क्रमाने.

दुसरी गोष्ट, कुकी पुसणं. क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडा असताना कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा. एक चौकट उघडेल. तिथे आधी वेळ निवडायची. तुम्ही तासाभरापूर्वी बसला असाल तर शेवटचा एक तास पुरेल असं वाटतं, पण मशीन सामायिक असेल तर 'ऑल टाइम' निवडा. मग 'कुकीज अँड अदर साइट डेटा' समोर टिक आहे ना बघा. 'ब्राउझिंग हिस्टरी' म्हणजे कुठे कुठे गेलात त्याची यादी, तीही टिक करा. 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' म्हणजे पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेली चित्रं, तीही जाऊ द्या. मग डिलीट किंवा क्लिअर म्हणा. शब्द ब्राउझरप्रमाणे थोडे बदलतील, चौकट तीच असते. मोबाइलवरच्या क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांत हीच सोय मिळते.

'अदर साइट डेटा' हे शब्द सोडून देऊ नका. व्हॉट्सॲप वेबसारख्या काही साइट आपली खूण कुकीत न ठेवता ब्राउझरच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवतात. तो कप्पाही याच टिकने रिकामा होतो.

तिसरी गोष्ट, कुकी पुसल्याने काय जात नाही. डाउनलोड केलेल्या फाइल जात नाहीत. प्रिंटसाठी उतरवलेलं जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आधारची पीडीएफ 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये तशीच पडून असते. ती डिलीट करायची, मग रिसायकल बिनमधूनही काढायची. सेव्ह केलेला पासवर्डही जात नाही. म्हणून ब्राउझरने 'सेव्ह पासवर्ड?' विचारलं की 'नेव्हर' म्हणायचं. आणि क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं अक्षर दिसत असेल, तर तुम्ही ब्राउझरमध्येच गुगल खात्याने शिरला आहात. कुकी पुसल्या तरी अशा वेळी गुगलचं खाते चालूच राहू शकतं. तिथून आधी साइनआउट करायचं.

चौथी गोष्ट, सुरुवातच नीट करायची. सामायिक मशीनवर बसल्या बसल्या क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन दाबा. इनकॉग्निटो खिडकी उघडते. एजमध्येही तेच, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकी आपोआप जातात. पण याला अदृश्य होण्याची जादू समजू नका. कॉलेजच्या नेटवर्कला तुम्ही कुठे गेलात ते दिसू शकतं. 2011 च्या सायबर कॅफेच्या नियमांप्रमाणे कॅफेवाल्याने ग्राहकाच्या ओळखीची आणि उघडलेल्या साइटची नोंद किमान एक वर्ष ठेवायची असते. कुकी पुसल्याने ती नोंद पुसली जात नाही. आपण पुढच्या माणसासाठी आपलं दार बंद करतोय, एवढाच याचा अर्थ.

आणि समजा विसरलात, बसमध्ये बसल्यावर आठवलं, तरी घाबरू नका. मोबाइलवरून व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि तो संगणक लॉगआउट करा. गुगल खात्यात 'सिक्युरिटी' खाली 'युअर डिव्हाइसेस' दिसतं, तिथून दूरचं मशीन बाहेर काढता येतं. मग पासवर्ड बदला.

कुकीचा आणखी एक प्रकार सांगते, कारण तुम्ही विचारणारच की एका ठिकाणी कोचिंगची फी बघितली तर दुसऱ्या ठिकाणी त्याचीच जाहिरात कशी येते. बातमीच्या पानावरची जाहिरात बहुतेक वेळा त्या वर्तमानपत्राची नसते, जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते. येताना तीही आपला बिल्ला तुमच्या ब्राउझरला देऊ शकते. तीच कंपनी दुसऱ्या शंभर साइटवर बसलेली असेल, तर तिला दिसतं की हाच बिल्ला काल नोकरीच्या पानावर होता, आज कर्जाच्या. नाव माहीत नसलं तरी वय किती, कमाई किती, गरज कशाची याचा अंदाज बांधता येतो, आणि कोणाला कुठली जाहिरात दाखवायची ते त्यावरून ठरतं. सफारी आणि फायरफॉक्स या तिऱ्हाईत कुकींना आपणहून आळा घालतात. गुगलने 2020 मध्ये क्रोममधून त्या काढण्याचं जाहीर केलं होतं, पण 2024 मध्ये तो बेत सोडला. म्हणून क्रोममध्ये 'सेटिंग्ज', मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'थर्ड पार्टी कुकीज' इथे जाऊन ब्लॉक करा. आणि एखाद्या पानावर कुकीची पट्टी आली की घाईने 'ॲक्सेप्ट ऑल' दाबू नका. 'रिजेक्ट' असेल तर ते दाबा. साइट बहुतेक वेळा तशीच चालते.

कुकी पुसण्याचा एक रोजचा उपयोगही आहे. अर्जाचं पान अडकलं, लॉगइन करून पुन्हा लॉगइनच मागू लागलं, तर कधी कधी जुना बिल्ला खराब झालेला असतो. तेव्हा सगळं पुसायची गरज नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, 'कुकीज अँड साइट डेटा' मध्ये जा आणि फक्त त्या साइटची काढा. मात्र अर्धा भरलेला अर्ज आधी सेव्ह करा. शेवटच्या तारखेच्या रात्री दुकानदाराला पन्नास रुपये देण्याआधी एवढं करून बघा.

शेवटचं. तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. सुट्टीत गावी गेलात की वस्तीतले लोक कागदांची पिशवी घेऊन तुमच्याकडेच येतात. रेशनकार्ड, घरकुल, भावाचा प्रवेश अर्ज, आत्याची पेन्शन. त्यांचा ओटीपी तुम्हाला येतो, त्यांचे दाखले तुमच्या फोनवर राहतात. त्यांना तुमच्यावर भरवसा आहे म्हणून ते विचारत नाहीत की काम झाल्यावर माझ्या कागदाचं काय केलंस. त्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. काम झालं की त्यांच्यासमोर लॉगआउट करा, फाइल पुसा आणि म्हणा, आत्या, तुमचं खातं बंद केलंय, कागद माझ्याकडे राहिला नाही. पुढच्या वेळी तीन बटणं त्यांनाच दाबायला लावा. पासवर्ड त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात राहू द्या.

आता सगळे मशीनवर बसा. आपापल्या ईमेलमध्ये लॉगइन करा, बाहेर पडा, कुकी पुसा आणि जागा बदला. शेजारच्याच्या मशीनवर त्याचा ईमेल उघडतो का ते तपासा. उघडला नाही, तर आजचा धडा झाला. उघडला, तर दोघांनी मिळून शोधा, काय राहिलं.