कोड काढला म्हणजे काय केले?



व्यवसायांच्या मराठीवर बोलायचे म्हणून मी गॅरेजचा कोपरा निवडला आहे. साहित्याच्या अध्यापकाने सायलेन्सरखाली कशाला शिरावे, असे कोणी विचारील. तर कारण एवढेच की तिथे एका क्रियापदापायी गिऱ्हाइकाचे पैसे जाऊ शकतात.

ते क्रियापद म्हणजे 'काढणे'. पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. आपण गाडी गॅरेजात नेतो, मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो आणि थोड्या वेळाने सांगतो, "कोड काढला, साहेब." आता त्याने केले काय? विहिरीतून पाणी काढतात तसा कोड बाहेर काढून वाचला, की पायातला काटा काढतात तसा काढून टाकला? मराठीला दोन्ही अर्थ चालतात. गाडीच्या दृष्टीने मात्र या दोन क्रियांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. कोड नोंदला जातो त्या क्षणीचा इंजिनाचा आरपीएम, कूलंटचे तापमान, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार हे सारे संगणक जपून ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते आणि पंधरवड्याने दिवा पुन्हा लागला तर तपासाला पहिल्या वेळची नोंद हाती उरलेली नसते.

कोड काय म्हणतो तेही पाहू. पी ०४२० हा नेहमी भेटणारा कोड घ्या. त्याचा इंग्रजी मजकूर मराठीत आणला तर असा होईल : 'उत्प्रेरक प्रणालीची कार्यक्षमता मर्यादेखाली, बाजू पहिली.' गॅरेजात त्याचे भाषांतर होते, "कॅटॅलिटिक गेला." यात 'प्रणाली' गळाली, 'मर्यादेखाली'चे 'गेला' झाले, आणि जे केवळ मोजमाप होते त्याचा निकाल झाला.

हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या अलीकडे असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन करतो. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिसे त्याला विषासारखे, म्हणून तिथे शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आणावे लागले.

गाडीचा संगणक या जाळीत डोकावू शकत नाही. त्याच्याकडे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. अनेक गाड्यांत पहिल्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे दुसऱ्याचा व्होल्टेज बराचसा स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखा नाचू लागला की पी ०४२० नोंदला जातो. तो का नाचतो, हे मात्र संगणकाला कळत नाही. कन्व्हर्टर खरेच संपला असेल. सेन्सर बिघडला असेल. किंवा एक्झॉस्टच्या सांध्यातली गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल.

आपला 'निदान' हा शब्द इथे उपयोगी पडतो. आयुर्वेदाच्या निदानपंचकात 'निदान' म्हणजे कारण; दिसणारे लक्षण ते 'रूप'; रोग कसकसा घडत गेला ती 'संप्राप्ती'; आणि उपचार करून पाहून रोग ओळखणे तो 'उपशय'. पिवळा दिवा आणि कोड हे रूप झाले. त्यालाच निदान समजून सर्वांत महाग भाग बदलायचा, म्हणजे उपशयाचा प्रयोग गिऱ्हाइकाच्या खिशावर करायचा!

संप्राप्तीकडे पाहिले की चित्र बदलते. स्पार्क प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की गाडी 'मिसिंग मारते'. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि जाळी तापून वितळूही शकते. म्हणजे कन्व्हर्टर खरोखरच गेलेला असतो, पण दुखणे प्लगमध्ये. नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. इंजिन 'ऑइल खात' असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर जाळीवर बसतो. 'मिसिंग मारणे', 'ऑइल खाणे' हे शब्दप्रयोग मला कोणत्याही परिभाषाकोशापेक्षा मोलाचे वाटतात, कारण त्यांत क्रिया आहे. 'उत्प्रेरकी परिवर्तक' असे काही घडवून कोणाचे भले होणार नाही, 'कन्व्हर्टर' पुरे. आपली अडचण नामांची नाही, क्रियापदांची आहे. 'दिवा लागला' हेही तसेच ढिले. चोर्ला घाट चढताना तो स्थिर जळत असेल तर सवडीने गाडी दाखवता येते. लुकलुकत असेल तर बहुधा मिसिंग त्या क्षणी कन्व्हर्टरला जाळत असते, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय ताबडतोब हलका करावा लागतो.

माझी सूचना साधी आहे. गॅरेजच्या जॉब कार्डवर 'चेक लाइट – काम केले' एवढेच लिहून भागू नये. अकादमीने गोव्यातल्या आणि बेळगावातल्या मेकॅनिकांबरोबर बसून मराठी कार्ड तयार करावे. त्यात तीन रकाने असावेत : कोणता कोड वाचला, काय तपासले, कधी पुसला. मधल्या रकान्यात सांधे, प्लग, कॉइल, ऑइल आणि सेन्सर यांच्यासमोर रिकामी जागा ठेवावी, आणि ती भरल्याशिवाय कन्व्हर्टरचे बिल होऊ नये.