खरेदी, मालकी आणि जतन
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून संगणकावरील खेळांचा विषय निघावा, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु हा विषय वरवर खेळांचा असला, तरी त्याचे मूळ ग्रंथालयाच्या अंगणातच आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची राहते की नाही, आणि ती राहिली नाही तर पुढच्या पिढीच्या हाती काय लागते, एवढाच खरा प्रश्न आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या संत्र्यांच्या मुलखात हा प्रश्न समजावून सांगण्यास फार प्रयास पडत नाहीत. व्यापारी बागेत येतो, झाडावरची फळे पाहतो आणि आंबिया किंवा मृग बहराचा सौदा करतो. फळे उतरली की त्याचा हक्क संपतो; झाडे शेतकऱ्याची राहतात. यात फसवणूक नाही, कारण काय विकले आणि काय राखले हे दोघांनाही ठाऊक असते. पण कोणी 'बाग विकत घ्या' अशी पाटी लावून पूर्ण किंमत घेतली, प्रत्यक्षात मात्र केवळ बहरच दिला आणि तोही कधी संपेल ते सांगितले नाही, तर त्या व्यवहारास काय म्हणावे?

असाच एक व्यवहार २०२४ साली चव्हाट्यावर आला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ बाजारात आणला होता. लोकांनी तो रोख पैसे देऊन घेतला. खेळणारा एकटा असला, तरी हा खेळ कंपनीच्या दूरस्थ संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडल्यावाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि त्या दिवसापासून लोकांच्या घरातील तबकड्या निरुपयोगी झाल्या. वस्तू झिजली नव्हती, मोडली नव्हती; विकणाऱ्याने दूर बसून तिचा प्राण काढून घेतला होता.

यातूनच सामान्य ग्राहकांची एक चळवळ उभी राहिली. रॉस स्कॉट या अमेरिकन खेळप्रेमीने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम आरंभिली. तिची मागणी माफक आहे. कंपनीने सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, असे ती म्हणत नाही. सेवा थांबवण्यापूर्वी खेळ ग्राहकाजवळ कोणत्या तरी चालू अवस्थेत राहील, एवढी तजवीज करावी, इतकेच तिचे मागणे आहे. युरोपीय संघात नागरिकांना थेट कायद्याची मागणी करता येते. त्यासाठी एका वर्षात दहा लाख स्वाक्षऱ्या आणि किमान सात देशांतून ठरावीक पाठिंबा लागतो. ३१ जुलै २०२४ रोजी स्वाक्षऱ्यांना प्रारंभ झाला. मध्यंतरी मोहीम थंडावली होती. तथापि जुलै २०२५ च्या आरंभी दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला आणि पडताळणीनंतरही संख्या बारा लाखांच्या वर राहिली. ब्रिटनमध्येही लाखाहून अधिक लोकांनी अर्ज केला. कायदा बदलण्याचा विचार नाही, असे तेथील सरकारने कळवले. तरीही ३ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत या विषयावर चर्चा करणे भाग पडले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. उत्पादकांचे म्हणणे असे की, सर्व्हर चालवण्यास खर्च येतो. खेळातील संगीत, मोटारींची नावे, चित्रे यांचे हक्क मुदतीचे असतात. आणि खेळ परस्पर लोकांच्या हाती दिला, तर गैरप्रकारांची जबाबदारी कोणी घ्यायची? हे आक्षेप पोकळ नाहीत. परंतु ते विक्रीच्या दिवशीही खरेच होते. मग त्या दिवशी ते गिऱ्हाइकाला का सांगितले नाहीत? कॅलिफोर्निया राज्याने नेमक्या याच मुद्द्यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे विक्रेत्याला काढून घेता येणारा परवानाच दिला जात असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम उभारले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारीपाजारी एकत्र येऊन सामुदायिक खरेदी करू लागले. तेलात भेसळ आहे, वजनात खोट आहे, हे एकट्याने ओरडून भागत नाही, हा त्यांचा धडा होता. अशा प्रयत्नांना २४ डिसेंबर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे फळ आले. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात 'अन्याय्य करार' ही संकल्पनाही आली आहे. न वाचता 'मान्य आहे' म्हणून ज्या अटींवर बोट ठेवले जाते, त्यांची तपासणी या कसोटीवर का होऊ नये?

प्रश्न केवळ पैशाचा असता, तर भरपाईने मिटला असता. पण खेळ हा संस्कृतीचाही ठेवा असतो. सावंतवाडीचा गंजिफा अस्तंगत होत असता राजे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्याला पुन्हा जीवदान दिले. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते जुन्या पेट्यांतून शिल्लक होते आणि ते रंगवणारे हात अद्याप जिवंत होते, म्हणूनच ते शक्य झाले. आबासाहेब मुजुमदारांनी बडोद्याहून काढलेल्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाच्या खंडांत देशी खेळ नोंदवून ठेवले गेले. जेथे अशी काळजी घेतली गेली नाही, तेथील हानीही आपल्यासमोर आहे: 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ च्या चित्रपटाचा आज काही भागच उरला आहे. संगणकावरील खेळांची स्थिती याहून बिकट होऊ पाहते. अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाले आहेत, असे २०२३ च्या एका अभ्यासात आढळले. ते अभ्यासकांना ग्रंथालयामार्फत दुरून पाहता यावेत, ही तेथील ग्रंथालयांची विनंती ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली.

येथे विषय आपल्या कपाटांपर्यंत येऊन पोहोचतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले आणि पुढे क्षमाही मागितली गेली. तरी पुस्तक वाचकाला न विचारता गेले होतेच. कागदी पुस्तकाबाबत असे होण्यासाठी कोणाला तरी घरात शिरावे लागले असते.

या सरहद्दीवरील मराठी माणसाला याचे मोल अधिक कळावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ वेगळ्या राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिले. कचेरीची भाषा हिंदी झाली. पण मराठी वाचकांनी वर्गणी भरून घेतलेली पुस्तके त्या दिवशी कपाटांतून नाहीशी झाली नाहीत. ती कोणाच्या परवान्यावर उभी नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हाही ती जागच्या जागी होती. सत्ता, सीमा आणि जिल्हे बदलले तरी घरातील मुलाला मराठी अक्षर सापडत राहिले, ते ग्रंथालयाजवळ पुस्तकाची मालकी होती म्हणून.

उद्या ग्रंथालये संगणकीय पुस्तके घेतील, आणि घ्यावीतही. दूरच्या वाचकाला ती सोयीची आहेत. मात्र पैसे देण्यापूर्वी कार्यकारिणीने तीन गोष्टी विचाराव्यात: ही प्रत आपली होणार की मुदतीची? वर्गणी थांबल्यावर ती उघडेल का? विकणारी संस्था बुडाली तर काय उरेल? उत्तर समाधानकारक नसेल, तर दुर्मीळ आणि स्थानिक मराठी ग्रंथांची एक छापील प्रत कपाटात असलीच पाहिजे. सभासदांनीही वार्षिक सभेत हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. शंभर वर्षांपूर्वी वर्गणी देणाऱ्यांनी बागेची झाडे आपल्या स्वाधीन केली. पुढील शंभर वर्षांच्या वाचकांसाठी केवळ बहराचा सौदा करून चालणार नाही.