कॉर्नमीलचं कोणतं पाकीट घ्यायचं?

अमेरिकेत नव्याने आलेल्या घरांत एक गोंधळ बहुतेक होतोच. मंचुरियनची ग्रेव्ही दाट करायला म्हणून कॉर्नफ्लोअर आणावं, तर पाकिटातून निघतं मक्याचं पीठ! भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो, ते इथलं कॉर्नस्टार्च. इथलं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक पीठ, आणि कॉर्नमील म्हणजे त्याचा रवा.

कॉर्नमील घेताना पाकीट उलटून वाचा. 'डिजर्मिनेटेड' लिहिलं असेल तर दाण्याचा अंकुर काढलेला आहे. त्याबरोबर तेल जातं, म्हणून ते कपाटात खूप टिकतं. पण पोषणही जातं. 'होल ग्रेन' असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खवट होईल.

आता महत्त्वाचं. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, बरंचसं बांधलेलं असतं. नुसता शिजवून ते अंगी लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत गरीब माणसं मका, डुकराची चरबी आणि काकवी यांवर जगत. त्यांना पेलाग्रा व्हायचा: त्वचा सोलायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. लोक त्याला साथीचा रोग समजत होते. 1914 पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की दोष आहाराचा आहे. मेक्सिकोत मात्र मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटायची जुनी रीत होती. चुन्याने ते नायसिन मोकळं होतं! मका जगभर गेला, ही रीत मागेच राहिली.

आपण वरण, दूध, शेंगदाणे खातो, तेव्हा अधूनमधून कॉर्नमीलचा उपमा केलात तर काळजी नको. पण घरात कुणाचा गहू डॉक्टरांनी बंद केला असेल आणि रोजची भाकरी मक्याचीच होणार असेल, तर मासा हारिना घ्या. ते चुन्यात शिजवलेल्या मक्याचंच पीठ. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' आहे ना, तेही बघा. एकाच गिरणीत गहूही दळलेला असू शकतो.

एक वाटी मासा हारिना, चिमूटभर मीठ, पाऊण वाटी कोमट पाणी. लागलं तर आणखी चमचाभर. मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. साध्या मक्याच्या पिठापेक्षा हे चांगलं चिकटून येतं, भाकरी थापताना फारशी फाटत नाही. चुन्याचा किंचित वास येतो. ठेच्याबरोबर तो जाणवतही नाही. सातपुड्याकडची मक्याची भाकरी खाल्लेल्यांना चव थोडी वेगळी लागेल, इतकंच.

आणि घरी मधुमेह असेल तर मका म्हणजे 'पथ्याचं' असं धरू नका. 100 ग्रॅम कॉर्नमीलमध्ये 75 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. भाकरी एकच, आणि ताटात उसळ जास्त.