आधी श्वास, मग पोहणं

(मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बडोद्यात मुलं आणि पाणी यांवर बोलायचं तर १८ जानेवारी २०२४ हा दिवस वगळता येत नाही. हरणी तलावात सहलीची होडी उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर तरणतलावावर मला दोन तऱ्हेचे पालक भेटू लागले. काही म्हणतात, आता काहीही करून शिकवाच. काहींनी मुलांना पाण्याजवळ नेणंच सोडलं. या दुसऱ्यांची धास्ती मला कळते. पण मूल कधीतरी मित्रांबरोबर सहलीला जाणारच, आणि तेव्हा आपण बरोबर नसू. एक मात्र आधीच सांगते, होडीत बसताना पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लाइफ जॅकेट हवंच.

आपल्या घरांत आजोबांची एक गोष्ट असते. काकांनी विहिरीत ढकललं आणि मी पोहायला लागलो! गोष्ट खरी असेल, पण अर्धी. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला असायचा, कमरेला दोर असायचा आणि त्याचं टोक चांगल्या पोहणाऱ्याच्या हातात असायचं. सांगता सांगता हे सगळं गळतं आणि ढकलणं तेवढं उरतं. शिवाय गोष्ट सांगतो तो शिकलेला माणूस. त्या दिवसानंतर जो पाण्यात उतरलाच नाही, तो काही सांगत नाही. या सभागृहात असे किती जण आहेत ते विचारत नाही, पण बरेच असावेत.

लहान मूल नेमकं कशाला घाबरतं? नाकातोंडात पाणी जाईल, डोळ्यांना दिसणार नाही, कानात दडे बसतील आणि पायाखाली जमीन नसेल. बस, एवढंच. यातल्या पहिल्या तीन गोष्टींची सवय घरी न्हाणीघरात करता येते. डोक्यावरून पाणी ओतताना आपण मुलाच्या कपाळावर हात आडवा धरतो, डोळे मीट म्हणतो. त्याऐवजी तांब्या त्याच्याच हातात द्या. स्वतः ओतलेल्या पाण्याची भीती निम्मी होते. मग पसरट भांड्यात पाणी घेऊन तोंड बुडवून फुंकर मारायला लावा. बुडबुडे आले की मूल हसतं. हसणारं मूल श्वास सोडत असतं, आणि पाण्यात श्वास सोडता येणं हाच पोहण्याचा पाया आहे. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि नको त्या वेळी घेतो. तोंड वर असताना तोंडाने घ्यायचा, खाली असताना नाकातोंडाने सोडायचा, इतकं जमलं की मी पुढचं शिकवायला घेते. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना. (आणि खेळ संपला की भांडं, बादली रिकामी करा. रांगणाऱ्या बाळाला वीतभर पाणीही पुरतं.)

विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे नदीत शिकण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही. तरणतलावच बरा. तिथे छातीएवढ्या पाण्यात मी तळाशी स्टीलची वाटी टाकते आणि आणायला सांगते. मुलं खाली जायला बघतात आणि पाणी त्यांना वर ढकलतं. छाती हवेने भरलेली असते, बुडणार कशी? एक साडेपाच वर्षांची मुलगी तीनदा प्रयत्न करून चिडून म्हणाली, "मावशी, मला बुडताच येत नाहीये!" त्या दिवशी तिची भीती गेली. मी लाख समजावलं असतं तरी हे झालं नसतं.

मग उताणं तरंगणं. मानेखाली माझा हात, कान पाण्यात. कान बुडले की आवाज दूर जातात, हे आधी सांगावं, नाहीतर मूल दचकून उठतं. तरंगण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यातून परत उभं राहणं. गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी रेटायचं आणि पाय खाली सोडायचे. हे फारसं कुणी शिकवत नाही. ज्याला थांबता येत नाही, तो सुरू करायला घाबरणारच. पाय मारणं, हात मारणं त्यानंतर आपसूक येतं, त्यावर वेळ घालवत नाही.

दंडाला बांधायच्या फुग्यांविषयी माझं मत वाईट आहे. ते मुलाला उभं तरंगायला लावतात, आणि पोहायचं असतं आडवं. शिवाय ते काढल्यावर मुलाला वाटतं, आपलं बळ गेलं.

शेजारच्या बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मंच बांधून हजारो मुलांना शिकवलं गेलं, आणि शिकलेल्या मुलांत बुडण्याचं प्रमाण खूपच कमी आढळलं. शर्यत जिंकणं हा तिथे हेतू नव्हता. चुकून पडलं तर वर यावं, तरंगावं, काठ गाठावा, एवढाच होता. आपल्या उन्हाळी बॅचेसना पंधरा दिवसांत फ्रीस्टाइल दाखवायची घाई असते.

आता आयांसाठी दोन शब्द. काठावरून "सांभाळ, सांभाळ" ओरडू नका, मूल पाण्याकडे न बघता तुमच्याकडे बघतं. त्यापेक्षा स्वतः उतरा. पोशाखाची लाज वाटते, ठाऊक आहे, पण बायकांची वेगळी वेळ चौकशी केली तर अनेक ठिकाणी मिळते. आणि मूल पाण्यात असताना मोबाइल पिशवीत ठेवा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वासच नसतो. कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी घेऊ नये. आधी लोकांना बोलवा, मग दोर, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका.

आता विसर्जन जवळ आलंय. कृत्रिम तलावाचं पाणी गढूळ असतं, काठ निसरडा असतो आणि सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे असतात. कुठल्या मुलाचा हात कुणाच्या हातात राहील, हे घरून निघतानाच नावानिशी ठरवा.